स्का-रेगेच्या हॉर्न सेक्शनमध्ये सॅक्सोफोन: सरावापासून मानधनापर्यंत

स्का-रेगेच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणाऱ्याची पारख एका गोष्टीवर होते: आखूड सूर नेमका कुठे तुटतो. जॅझमध्ये हात फिरलेला असेल, शास्त्रीय पद्धतीने सूर घटवलेला असेल, तरी पहिल्या तालमीत बहुतेक जण इथेच अडतात. सूर वेळेवर सुरू होतो, पण संपतो कुठेतरी, आणि गिटारच्या ऑफबीटवर, म्हणजे दोन मात्रांच्या मधोमध पडणाऱ्या ठोक्यावर, त्याची शेपूट लोळते. म्हणून या लेखात वेगवान बोटांपेक्षा जीभ, श्वास, विश्रांतीच्या मात्रा आणि हॉर्न सेक्शनमधली, म्हणजे बँडमधल्या फुंकवाद्यांच्या गटातली, शिस्त यांना जास्त जागा दिली आहे. बोटं सगळेच घोटतात.

आधी काय ऐकायचं

स्का जमैकात, किंग्स्टनमध्ये, 1950 च्या दशकाच्या शेवटी आकाराला आला. तो वाजवणारे लोक कच्चे नव्हते. टॉमी मॅककूक आणि रोलंड अल्फान्सो या दोन्ही टेनर सॅक्सोफोनवाल्यांनी एरिक डीन्सच्या वाद्यवृंदात स्विंग आणि जॅझ वाजवलं होतं. मॅककूक, आल्टो सॅक्सोफोनवाला लेस्टर स्टर्लिंग, ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंड आणि ट्रम्पेटवाला जॉनी मूर हे चौघं किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलचे. तिथल्या बँडमध्ये नोटेशन वाचणं आणि कवायतीसारखं एकत्र वाजवणं लहानपणीच अंगात मुरायचं. 1964 मध्ये हीच मंडळी स्कॅटलाइट्स म्हणून एकत्र आली आणि 1965 मध्ये बँड फुटला. एवढ्याशा काळात त्यांनी हॉर्न सेक्शनचा जो साचा घालून दिला, तो आजही चालतो: सगळे मिळून मुखडा, मग एकेकाचा सोलो, सोलोमागे बाकीच्यांची छोटी आवर्तनं, शेवटी पुन्हा मुखडा.

मॅककूक ऐकताना ओळ किती सरळ आणि लांब आहे ते बघा. अल्फान्सोचा सूर गोल, त्यावर रुंद कंप. स्टर्लिंगचा आल्टो टोकदार, सेक्शनच्या वर तरंगणारा. पुढे 1966 ते 1968 च्या रॉकस्टेडीत, म्हणजे स्का आणि रेगेमधल्या टप्प्यात, लय उतरली, बेस पुढे आला आणि हॉर्न मागे सरकले. 1968 पासून रेगे. त्यात सॅक्सोफोनचं काम बहुतेक वेळा दोन-चार मात्रांच्या उत्तरापुरतं उरतं. ब्रिटनमध्ये 1979 च्या टू-टोन लाटेत स्का पुन्हा वेगात आला. द बीट या तिथल्या बँडमधला सॅक्सोफोनवाला सॅक्सा तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता आणि बाकीचा बँड तरुण पोरांचा. त्याचं वादन घाईचं कधीच वाटत नाही. वेगवान गाण्यात निवांत कसं राहायचं, हे शिकायला त्याच्याइतका चांगला गुरू नाही.

ऐकण्याची पद्धत सांगतो. एक ध्वनिमुद्रण घ्या आणि पहिल्यांदा फक्त बेस गा. दुसऱ्यांदा गिटार-पियानोच्या ऑफबीटवर टाळी द्या. तिसऱ्यांदा हॉर्न कुठे गप्प आहेत ते कागदावर मात्रांनी लिहा. हा तिसरा कागद सगळ्यात जास्त शिकवतो.

मोजणीचा घोळ आधी मिटवा

रेगे दोन प्रकारे मोजतात आणि त्यावरून तालमीत हमखास गोंधळ होतो. एकच गाणं कुणी मिनिटाला 72 मात्रांच्या लयीत मोजतो, कुणी 144 च्या. 72 ने मोजलं तर गिटारचा स्कँक, म्हणजे ऑफबीटवरचा आखूड फटकारा, प्रत्येक मात्रेच्या अर्ध्यावर पडतो आणि वन-ड्रॉप या रेगेच्या ड्रमतालाचा मुख्य ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. 144 ने मोजलं तर तोच स्कँक दोन आणि चारवर जातो, आणि ठोका तीनवर. दोन्ही बरोबर आहेत. पण तुमच्या नोटेशनमध्ये आठ बार (चार मात्रांचा एक बार) लिहिलेत आणि ड्रमर सोळा धरून बसलाय, तर तुम्ही गायकाच्या ओळीत घुसणार. तालमीच्या सुरुवातीलाच विचारून घ्या: "एक-दोन-तीन-चार कसं मोजणार?" पुढे या लेखात सगळीकडे संथ मोजणी धरली आहे.

स्काचा वेग साधारण 110 ते 140, टू-टोन आणि नंतरच्या पंक-स्कामध्ये 160 च्याही वर. जुन्या जमैकन स्कामध्ये अर्ध्या मात्रा किंचित झुलत्या असतात, नंतरच्या बँडमध्ये सरळ. ही झूल कागदावर लिहिता येत नाही, हाय-हॅट ऐकूनच घ्यावी लागते.

कुठलं वाद्य, कुठला माउथपीस

एकच घ्यायचं असेल तर टेनर. ट्रॉम्बोनसोबत तो एकाच उंचीवर बसतो आणि या संगीताचा तो जाडसर, किंचित धुरकट, एकसुरात मिसळलेला आवाज त्या जोडीतूनच येतो. आल्टो मोठ्या सेक्शनमध्ये वरची ओळ आणि ऑफबीट यांसाठी छान. बॅरिटोन दुर्मीळ आहे आणि बँडला हवाही असतो. टोकियो स्का पॅराडाइज ऑर्केस्ट्रामध्ये तो नुसता खालचा सूर भरत नाही, पुढे उभा राहून बँड ओढतो. तरी पहिलं वाद्य म्हणून बॅरिटोन घेऊ नका, प्रवास जड जातो.

टेनरसाठी हार्ड रबरचा माउथपीस, टोकाची फट सुमारे 0.100 इंच, रीड (माउथपीसला लावायची वेताची पातळ पट्टी) अडीच किंवा तीन नंबरची. धातूचा, उंच बॅफलचा (आतल्या उंचवट्याचा) माउथपीस मोठ्या मंचावर कापत जातो हे खरं, पण संथ रेगेत तो गायकाच्या आवाजाला टोचतो आणि ट्रॉम्बोनमध्ये मिसळत नाही. रीड फार कडक असेल तर आखूड सुराची सुरुवात हवेच्या फुसफुशीने होते. फार नरम असेल तर जोरात वाजवताना सूर खाली घसरतो. चार रीड आलटून पालटून वापरा. एकीवरच महिनाभर काढला तर ती गेल्यावर तोंड नव्याने बसवावं लागतं.

एका आखूड सुराची रचना

'दत्' म्हणा. 'डट' म्हणू नका, कारण ड आणि ट म्हणताना जिभेचं टोक मागे वळतं आणि रीडवर ती जड आपटते. द आणि त दातांशी होतात, रीडचं टोकही तिथेच असतं. आपल्या वर्णमालेत ही दोन घराणी वेगळी आहेत, त्याचा इथे सरळ फायदा घ्यायचा.

आता क्रम बघा. जीभ रीडच्या टोकाला हलकेच टेकलेली आहे, मागे हवेचा दाब आधीच तयार आहे. 'द' म्हणजे जीभ बाजूला होणं, दार उघडणं. सूर वाजतो. 'त्' म्हणजे जीभ परत तिथेच येऊन टेकणं. हवा थांबत नाही, पोट सैल पडत नाही, फक्त दार बंद होतं. 120 च्या लयीत अर्धी मात्रा 250 मिलिसेकंदांची. त्यातला सूर साधारण निम्मा, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंद. उरलेली शांतता पूर्ण कोरी हवी.

इथे तीन गोष्टी बिघडतात. पहिली, सूर जिभेऐवजी घशाने थांबवला जातो. मग शेवटी 'अक्' असा उचकीसारखा आवाज येतो आणि वीस मिनिटांत घसा दुखतो. दुसरी, प्रत्येक सुरासाठी पोटातून नवा धक्का दिला जातो. त्याने सूर खालून वर चढत लागतो आणि ऑफबीट उशिरा वाटतो. तिसरी, जीभ रीडवर फार जागा व्यापते, मग सुरुवातीला चपटा आवाज येतो. उपाय एकच: आधी आठ मात्रांचा एक लांब सूर धरा, मग तोच श्वास, तोच दाब ठेवून त्याचे जिभेने तुकडे करा. लांब सुराचा आणि तुकड्यांचा पोत सारखा येईपर्यंत लय वाढवू नका.

श्वासाचं एक कोडं आहे. सलग ऑफबीट वाजवताना हवा संपत नाही, उलट साठते. सूर इतके आखूड की फुप्फुसं भरलेलीच राहतात आणि तरी जीव गुदमरतो, कारण आतली हवा शिळी झालेली असते. म्हणून दर चार बारांनी एक ऑफबीट सोडा, आधी तोंडाच्या कडेने हवा बाहेर टाका आणि मगच थोडी आत घ्या. सेक्शनमध्ये दोघं असाल तर कोणी कुठला ऑफबीट सोडायचा हे ठरवून घ्या. एकाच जागी दोघांनी सोडला तर गाण्यात भोक पडतं.

मेट्रोनोमवर ऑफबीट

पहिल्या आठवड्यात 80 ची लय. टिक म्हणजे मात्रा, पाय टिकवर, सूर अर्ध्यावर. एकच सूर, मधला जी पुरे. सोळा बार न चुकता झाले की टिक फक्त पहिल्या मात्रेवर ठेवा. ते जमलं की तिसरी पायरी, आणि खरी परीक्षा: आता टिक म्हणजे ऑफबीट. तुम्ही टिकसोबत वाजवायचं आणि पाय शांततेत टेकवायचा. आठ-दहा बारांनी पाय नकळत टिकवर सरकतो आणि सगळं वादन उलटं होतं. वाजवताना ते कळत नाही. म्हणून फोन पायाजवळ ठेवून ध्वनिमुद्रण करा, जमिनीवरचा पायाचा आवाज ऐका. पाय सरकला तर लय कमी करून पुन्हा.

रोज पंधरा मिनिटं हा सराव, दहा मिनिटं लांब सूर, आणि वीस मिनिटं रेकॉर्डवरून एखादी ओळ कानाने उतरवणं. एवढं नियमाने झालं तर तीन महिन्यांत फरक दुसऱ्यांना ऐकू येतो.

स्केल बदलण्याचा हिशेब

गायक आणि गिटारवाला स्वतःच्या सोयीचं स्केल सांगणार. टेनर बी फ्लॅटमधला, म्हणून त्यांच्या सुरापेक्षा एक पूर्ण सूर वर वाचायचं. त्यांचा ए मायनर तुमचा बी मायनर. आल्टो ई फ्लॅटमधला, त्यांच्या सुरापासून तीन अर्धे सूर खाली मोजा. ए मायनरचा एफ शार्प मायनर होतो. गिटारवाल्यांचा आवडता ई मेजर टेनरवर एफ शार्प मेजर होतो, सहा शार्पचा. इथे स्केल बदलून मागायला लाजू नका, पण फक्त तालमीत. कार्यक्रमाच्या दिवशी जे आहे ते वाजवता आलं पाहिजे. म्हणून ए, ई, डी आणि जी या मूळ स्केलांचे मेजर-मायनर दोन्ही आधीच घोटून ठेवा.

हॉर्नची ओळ बांधणं

गाणं ए मायनर आणि डी मायनर या दोन कॉर्डवर, 72 ची लय, वन-ड्रॉप. गायकाची ओळ संपल्यावर दोन बारांचं उत्तर हवंय. मूळ सुरांत ओळ अशी:

पहिला बार: दीड मात्रा गप्प. दुसऱ्या मात्रेच्या अर्ध्यावर ई. तिसऱ्यावर ए, पूर्ण मात्रेचा. चौथीवर सी आणि तिच्या अर्ध्यावर बी.
दुसरा बार: पहिल्या मात्रेवर ए, आणि दुसऱ्या मात्रेवर ड्रमचा ठोका पडेल त्याच क्षणी तो बंद. उरलेल्या तीन मात्रा गप्प.

टेनरवर हे सूर एफ शार्प, बी, डी, सी शार्प, बी. ट्रॉम्बोन याच उंचीवर, ट्रम्पेट एक सप्तक वर. पहिल्यांदा सगळे एकसुरात वाजवा. शेवटच्या ए ला ड्रमच्या ठोक्याने कापल्यासारखं वाटलं पाहिजे. तिघांपैकी एकाचाही सूर ठोक्यापलीकडे गेला तर वन-ड्रॉपची ताकद जाते. त्या तीन रिकाम्या मात्रांत बेस बोलतो. तिथे काहीतरी भरावंसं वाटतं, विशेषतः तालीम चांगली रंगली की. भरू नका.

या ओळीत टेनरचं एक दुखणं लपलेलं आहे. मधला डी बऱ्याच टेनरवर चढा लागतो आणि त्याच्या खालचा सी शार्प सगळी बोटं उघडी असल्यामुळे पातळ आणि डळमळीत. दोन्ही लागोपाठ आले की अंतर मोठं ऐकू येतं आणि ट्रॉम्बोनवाला तुमच्याकडे बघतो. डी धरताना खालच्या बी ची चावी दाबून ठेवली तर तो थोडा उतरतो. सी शार्पसाठी ऑक्टेव्ह चावी आणि डाव्या हाताचं तिसरं बोट हा पर्याय घेऊन बघा. सूर भरीव होतो. दोन्ही आधी ट्यूनरवर तपासा, कारण प्रत्येक वाद्याचा स्वभाव वेगळा.

दुसऱ्या कडव्यानंतर वर तिसऱ्या सुराची जोड द्या: जी, सी, ई, डी, सी. आल्टोवर ते ई, ए, सी शार्प, बी, ए असे वाचले जातात. इथली नेहमीची चूक म्हणजे कॉर्ड न बघता स्केलमधला तिसरा सूर लावत जाणं. गाण्यात पुढे ई मेजर कॉर्ड आली तर ऑर्गनमध्ये जी शार्प वाजत असतो. तिथे तुम्ही साधा जी धरला तर अर्ध्या सुराची टक्कर होते आणि श्रोत्याला वाटतं की सॅक्सोफोन बेसूर आहे. तो बेसूर नाही, चुकीचा सूर सुरेल वाजतोय, आणि हे शोधायला जास्त वेळ लागतो. त्या कॉर्डवर आल्टोवाल्याने ई च्या जागी एफ घ्यायचा.

तीन-चार हॉर्न असले म्हणून सतत तीन-चार सुरांची हार्मनी लावायची गरज नाही. एकसूर जास्त जोरकस लागतो, आणि हार्मनी मागून आली की तिचं मोल वाढतं. मुखडा एकसुरात आणि शेवटचे आठ बार हार्मनीत, ही जुनी वाट अजूनही सगळ्यात चांगली.

सेक्शनमध्ये एकच पुढारी असावा, बहुधा ट्रम्पेट किंवा वरची ओळ वाजवणारा. सूर किती लांब, घसरण कुठून सुरू, श्वास कुठे, हे त्याने ठरवायचं. कागदावर पेन्सिलने खुणा करा आणि सूर जिथे तुटतो ती मात्राही लिहा: "2 वर बंद". सूर आखूड हवा म्हणून नुसतं टिंब काढून भागत नाही, कारण प्रत्येकाचं टिंब वेगळ्या लांबीचं असतं.

सोलो

आठ किंवा सोळा बार मिळतील. पहिले दोन बार गाण्याच्या चालीतून उचला, मधे एकदा तरी दोन पूर्ण मात्रा थांबा, आणि शेवटच्या बारमध्ये गायकाला जागा रिकामी करून द्या. ड्रमंडच्या वळणाचा मायनर रंग हवा असेल तर सातवा सूर चढवून बघा, ए मायनरमध्ये जी शार्प. पण ई मेजर कॉर्डच्या आसपासच. डी मायनरवर तो उपरा वाटतो. खरखरीत आवाजासाठी वाजवताना घशातून गुणगुणायचं. हे मीठ आहे, दोन सुरांपुरतं.

मंचावर

माइक घंटेच्या, म्हणजे सॅक्सोफोनच्या पसरट टोकाच्या, तोंडात खुपसू नका. खालचे बी फ्लॅट, बी आणि सी घंटेतून निघतात, बाकीचे सूर बहुतांशी बाजूच्या भोकांतून. आत रोखलेला माइक हे तीन सूर ढबढबीत करतो आणि बाकीचे हरवतो. 20 ते 30 सेंटिमीटरवरून, घंटेच्या वरच्या काठापासून उजव्या हाताच्या चाव्यांकडे रोखलेला माइक बरोबर. स्काच्या मंचावर नाचायचंच असेल तर घंटेला अडकवायचा क्लिप माइक घ्या. स्टँडसमोर उड्या मारल्या तर आवाज येतो-जातो, आणि माउथपीस स्टँडवर आदळला तर दात जातो. नाचत वाजवायचा सरावही घरीच करा: गुडघ्यातून लवचा, मान आणि वाद्य एकत्र हलू द्या.

मॉनिटरमध्ये (मंचावर वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) किक आणि स्नेअर हे ड्रम, बेस, ऑफबीटची गिटार आणि स्वतःचा सेक्शन मागा. गायकाचा आवाज थोडाच. ऑफबीट ऐकू येत नसेल तर बाकी काहीही ऐकू येऊन उपयोग नाही.

मंच तापला की सॅक्सोफोन चढतो. थंड खोलीत जुळवून तसंच मंचावर गेलात तर दुसऱ्या गाण्यापर्यंत कीबोर्डपासून दूर जाता. दहा मिनिटं वाजवून वाद्य गरम करा, मगच माउथपीस आत-बाहेर करून जुळवा, आणि तिसऱ्या गाण्यानंतर पुन्हा तपासा.

डब, म्हणजे मिक्सिंगमधून घडणारा रेगेचा प्रकार, वाजवणाऱ्या बँडमध्ये ध्वनी-अभियंता तुमचा शेवटचा सूर उचलून डिलेमध्ये, म्हणजे प्रतिध्वनीच्या यंत्रात, फेकतो. किंग टबीने किंग्स्टनमध्ये मिक्सिंगच्या टेबलालाच वाद्य केलं, त्या परंपरेतलं हे काम. 75 च्या लयीत एक मात्रा 800 मिलिसेकंदांची, अर्धी 400, पाऊण 600. पाऊण मात्रेचा डिले ऑफबीटच्या मधून वाट काढतो म्हणून तो फार वापरतात. तुमचं काम इतकंच: ओळीचा शेवटचा सूर स्वच्छ तोडा आणि निदान दोन मात्रा गप्प बसा, म्हणजे प्रतिध्वनीला जागा मिळते. कुठल्या ओळींवर डिले टाकायचा ते साउंडचेकला बोलून घ्या.

कानांची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या. अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या जागेवरची सुरक्षितता पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलला आठ तास सुरक्षित आणि दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. ड्रमच्या झांजांशेजारी उभा असणारा सेक्शन तेवढा आवाज पहिल्या दोन-तीन गाण्यांतच झेलतो. संगीतकारांसाठी बनवलेले, सगळ्या पट्ट्यांत सारखाच, साधारण 15 डेसिबल आवाज कमी करणारे प्लग घ्या. फोमचे प्लग वरचे सूर खाऊन टाकतात आणि मग आपण गरजेपेक्षा जोरात फुंकतो.

पेटीत कायम हवं ते असं: बसवलेल्या चार रीड, जादा गळपट्टा, बारीक स्क्रूड्रायव्हर, दोन-तीन रबरबँड, कॉर्क ग्रीस, प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप, पातळ टिश्यू, कपड्याचे चिमटे. स्प्रिंग तुटली तर रबरबँडवर कार्यक्रम निघतो. सॅक्सोफोनच्या मानेवरचा कॉर्क फाटला तर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे. मंचावर वारा सुटला की कागद उडतात, त्यासाठी चिमटे. जी शार्पची गादी (चावीखाली भोक झाकणारी) चिकटणं हा सगळ्यात सर्रास होणारा त्रास: चावी दाबली तरी गादी उचलत नाही आणि जी शार्पच्या जागी जी वाजतो. कार्यक्रमाआधी ती बोटाने उचलून बघा, चिकटत असेल तर टिश्यू मधे ठेवून हलकेच दाबा, ओढू नका. खालचे सूर गुरगुरायला लागले तर आधी वरच्या गाद्यांत गळती शोधा. दोष बहुधा तिथेच असतो, तोंडात नसतो.

स्टुडिओचं आणि घरून पाठवायचं काम

आज बरंच सेशनचं काम फाइलींवर चालतं. 24 बिट, 48 किलोहर्ट्झची वेव्ह फाइल, किंवा प्रोजेक्ट ज्या दराचा असेल त्या दराची. प्रत्येक फाइल गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून सुरू करा, मधे दोन मिनिटं शांतता असली तरी. नाहीतर समोरच्याला जुळवताना ऑफबीट 20 मिलिसेकंद इकडेतिकडे होतो आणि दोष तुमच्यावर येतो. रिव्हर्ब, डिले काहीही लावू नका. फाइलच्या नावात वाद्य, ओळ आणि लय लिहा.

एकट्याने सेक्शन तयार करायचा असेल तर प्रत्येक ओळ खरोखर दोनदा वाजवा. एकच फाइल नक्कल करून सरकवली तर आवाज पोकळ होतो. दुसऱ्या वेळी माइक हातभर मागे न्या किंवा रीड बदला, म्हणजे दोन माणसं वाटतात. सूर तोडण्याच्या जागा मात्र पहिल्या फेरीच्या वेव्हफॉर्मकडे बघून तंतोतंत जुळवा.

काम आणि पैसे

एकटा सॅक्सोफोनवाला शोधणाऱ्यांपेक्षा तयार सेक्शन शोधणारे बँड जास्त. सॅक्सोफोनवाला डीन फ्रेझर, ट्रॉम्बोनवाला नॅम्बो रॉबिन्सन आणि ट्रम्पेटवाला चिको चिन हे तिघं जमैकात वर्षानुवर्षं सेक्शन म्हणून एकत्र वाजवत राहिले, आणि फ्रेझर पुढे निर्मिती आणि संयोजनातही उतरला. तुम्हीही एक ट्रॉम्बोन आणि एक ट्रम्पेट शोधा, आठवड्यातून एकदा भेटा, दहा-बारा जुन्या रिदमवर (बेस-ड्रमच्या तयार साथीवर) स्वतःच्या ओळी बांधून ठेवा. नमुना म्हणून पाठवायचं ध्वनिमुद्रण दोन मिनिटांचं पुरे: एक वेगवान स्का, एक संथ वन-ड्रॉप, एक आठ बारांचा सोलो. सोलो शेवटी ठेवा, कारण घेणारा आधी सेक्शन ऐकतो. जोडीला बासरी वाजवता येत असेल तर जरूर सांगा. मॅककूकही ती वाजवायचा आणि संथ रेगेत तिला मागणी असते.

पैशाचं बोलणं वाजवण्याआधी, लेखी. जमैकन स्टुडिओंच्या सुवर्णकाळात वादकांना गाण्यामागे एकरकमी पैसे मिळायचे, आणि तीच रिदम पुढे कित्येक गायकांच्या खाली वापरली जायची. वादकाच्या हाती त्यातलं फारसं काही आलं नाही. आजही एकाच रिदमवर दहा गायक गाणं ही रेगेची रीतच आहे, म्हणून हे कलम इथे सगळ्यात महत्त्वाचं: मानधन एका गाण्याचं की रिदमच्या प्रत्येक आवृत्तीचं? त्यासोबत किती ओळी, किती दुरुस्त्या, प्रवास आणि मुक्काम कोणाकडे, नाव कसं छापणार हेही लिहून घ्या. हॉर्नची चाल तुम्ही रचली असेल आणि ती गाण्याची ओळख होणार असेल, तर रचनेतला वाटा मुद्रणाआधी मागा. नंतर मागितलेला वाटा भांडणाच्या वाटेने जातो.

ध्वनिमुद्रण वाजलं की वादकालाही हक्काचे पैसे मिळू शकतात. ब्रिटनमध्ये हे काम पीपीएल ही संस्था पाहते, पण तिथे तुमचं नाव त्या मुद्रणावर नोंदलेलं असावं लागतं. त्यासाठी स्वतःची वही ठेवा: तारीख, स्टुडिओ, गाण्याचं नाव, गायक, निर्माता, कुठलं वाद्य, किती ओळी, आणि प्रसिद्ध झाल्यावर मुद्रणाचा आयएसआरसी (प्रत्येक मुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक. नोंद त्याच दिवशी करा, कारण प्रसिद्ध होईपर्यंत गाण्याचं नावही बदललेलं असतं.

बदली वादक हा या धंद्याचा रोजचा भाग आहे. तुम्हाला जमणार नसेल तर स्वतःच माणूस शोधून द्या आणि त्याला एकाच फोल्डरमध्ये सगळं पाठवा: गाण्यांचा क्रम, प्रत्येक गाण्याची लय आणि मोजणीची पद्धत, त्याच्या वाद्याच्या स्केलमध्ये लिहिलेले कागद, सूर तोडण्याच्या मात्रा, आणि मागच्या कार्यक्रमाचं साधं ध्वनिमुद्रण. कुठल्या गाण्यात गायक ऐन वेळी कडवं वाढवतो आणि तेव्हा हाताने काय खूण करतो, हेही वरच लिहा.